घेरी का आली? : एका निदानाची शंभर वर्षे

लाइपझिगची विद्यार्थिनी

जर्मनीतील लाइपझिग येथील डॉ. फ्रीड्रिश माइसनर यांनी १८५६ साली कर्णबधिर मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका कर्णबधिर विद्यार्थिनीची हकिगत आली आहे. तिच्या हातून काही किरकोळ आगळीक घडली, म्हणून शाळेत तिला सर्वांसमोर बोलणी खावी लागत होती. तेवढ्यात ती जागच्या जागी कोसळली आणि मरण पावली. आईवडिलांना हे कळले तेव्हा दुःख तर झालेच असणार, पण त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच अचानक गेली होती. एक जबर भीती बसल्यावर, तर दुसरे संतापाच्या भरात.

शिक्षकांनी ही हकिगत पुन्हा एकदा सावकाश वाचावी. मुलगी जन्मापासून कर्णबधिर होती. भावंडांनाही तसेच मरण आले होते. प्रत्येक वेळी मनाला जबर धक्का बसला होता. निदानाला लागणारे बहुतेक सर्व धागेदोरे या चार-पाच ओळींत आहेत. तरीही या रोगाचे नीट वर्णन व्हायला १९५७ साल उजाडले, म्हणजे तब्बल १०१ वर्षे लागली. त्याचे मूळ कारण समजायला आणखी ४० वर्षे जावी लागली. ही वर्षे कशात गेली, ते या लेखात पाहू. ही गोष्ट वैद्यकाची आहे, पण तिचा पहिला प्रसंग शाळेत घडतो. त्यामुळे ती शिक्षकांचीही आहे.

नेहमीची घेरी

शाळेत प्रार्थना चालू आहे. उन्हे वर आली आहेत. आठवीतील एखादी मुलगी पांढरीफटक पडते, तिला घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती खाली कोसळते. आडवे केल्यावर मिनिटभरात शुद्धीवर येते. घरून काही न खाता आलेली असते. हा अनुभव नसलेला शिक्षक विरळाच.

इथे काय घडते? आपण उभे असतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे बरेचसे रक्त पायांत आणि पोटात उतरते. एरवी रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाची गती वाढून ही तूट भरून निघते. पण काही वेळा उष्णता, उपाशीपण, भीती किंवा रक्ताचे दर्शन यांमुळे ही व्यवस्था उलटीच चालते. व्हेगस नावाची मज्जा हृदयाची गती कमी करते, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडते. लंडनचे सर टॉमस लुइस यांनी १९३२ साली या प्रकाराला ‘व्हॅसोव्हेगल’ असे नाव दिले. माणूस आडवा झाला की मेंदू आणि हृदय एका पातळीवर येतात, रक्त पोचते आणि शुद्ध येते. म्हणजे कोसळणे हाच इथे निसर्गाचा इलाज आहे! अशा वेळी मुलाला धरून उभे करण्याची किंवा खुर्चीवर बसवण्याची धडपड का करू नये, हे यावरून लक्षात येईल.

या घेरीची खात्री करून घेण्याची साधी युक्ती लंडनच्याच डॉक्टरांनी १९८६ साली मांडली. कारण न सापडलेल्या घेरीच्या १५ रुग्णांना त्यांनी एका फळीवर झोपवले आणि फळी तिरपी उभी करून ठेवली. १५ पैकी १० जणांना तिथेच घेरी आली. तुलनेसाठी घेतलेल्या १० निरोगी माणसांपैकी एकालाच आली. कुमारवयात येणाऱ्या बहुसंख्य घेऱ्या याच जातीच्या असतात आणि त्या जिवावर बेतत नाहीत. ही गोष्ट पालकांना आधी सांगावी, म्हणजे पुढचे वाचून विनाकारण घबराट व्हायची नाही.

नाटक की फिट?

अडचण येते ती उरलेल्या थोड्या मुलांची. त्यांच्यावर दोन शिक्के हमखास बसतात. पहिला शिक्का ‘नाटक करते’ हा. आम्ही नववीत असताना वर्गात एक मुलगी होती. परीक्षेचे पेपर वाटायला सुरुवात झाली की तिला घेरी यायची. आम्ही मुले हसायचो. गुरुजी कांदा मागवायचे, कुणी चप्पल नाकाशी धरायचे आणि मग तिला घरी पाठवले जायचे. पुढे तिचे काय झाले ते आम्हांला कळले नाही. तिची घेरी साधीच असण्याचा संभव जास्त. पण ती का येते, असे आमच्यापैकी कुणी, अगदी गुरुजींनीसुद्धा, कधी विचारले नाही, हे आज आठवले की बरे वाटत नाही.

दुसरा शिक्का फिटचा, म्हणजे अपस्माराचा. तो बसण्यामागे सबळ कारण आहे. मेंदूचा रक्तपुरवठा कोणत्याही कारणाने तुटला, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि थोड्याच वेळात हातपाय झटके देऊ लागतात. बघणाऱ्याला ही फिटच वाटते. हान्स बेर्गर यांनी माणसाच्या मेंदूचे विद्युत आलेख १९२९ साली प्रसिद्ध केले आणि अपस्माराच्या तपासणीला नवे साधन मिळाले. साहजिकच झटके येणारे मूल मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ लागले. मेंदूचा आलेख निर्दोष निघाला तरी अपस्माराची शंका फिटत नाही, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात अपस्माराच्या रुग्णाचा आलेखही निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे गोळ्या चालू राहतात. पण रक्तपुरवठा तुटण्याचे कारण हृदयात असेल, तर या गोळ्या मूळ दुखण्यापर्यंत पोचतच नाहीत.

हृदयाची वीज

हृदयाची विद्युतक्रिया त्वचेवरून टिपता येते, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली दाखवून दिले. पाऱ्याच्या केशनलिकेचे विद्युतमापक त्यांनी वापरले. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ते हा प्रयोग लोकांना दाखवत. १९०९ साली या प्रयोगात प्राण्याला क्रूरपणे वागवले जाते की काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला होता!

पाऱ्याचे मापक फार सुस्त होते. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून नवे मापक तयार केले. हे काम १९०१ ते १९०३ या काळातले. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून १९०५ साली दीड किलोमीटर लांबीच्या टेलिफोनच्या तारेने रुग्णालयातील हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणले गेले. आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही आइन्थोव्हेन यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वॉलर यांना मात्र रुग्णालयात या आलेखाचा फार उपयोग होईल असे वाटत नव्हते. हृदयाच्या एखाद्या दुर्मिळ विकृतीची नोंद ठेवण्यापुरता तो क्वचित कामी येईल, असे त्यांनी १९११ साली म्हटले होते. रुग्णालयांबाबत त्यांचा अंदाज साफ चुकला. दुर्मिळ विकृतीबाबत मात्र तो खरा ठरायचा होता.

लांबी मोजायची कशी?

आलेखातील क्यू, आर, एस हा टोकदार भाग म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरण्याचा क्षण. हे कप्पे आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात. टी ही गोलसर लाट म्हणजे त्या पेशी पुन्हा मूळ विद्युत स्थितीला येण्याची खूण. क्यूच्या आरंभापासून टीच्या अंतापर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. थोडक्यात, एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हृदय किती वेळ घेते, ते क्यूटी सांगते.

पण हृदय जोरात धावते तेव्हा क्यूटी आपोआप आखूड होते. मग एका मुलाची क्यूटी दुसऱ्याशी ताडून कशी पाहायची? १९२० साली इंग्लंडच्या बॅझेट यांनी ३९ पुरुषांच्या आलेखांवरून एक सूत्र बसवले. क्यूटीला दोन ठोक्यांमधील काळाच्या वर्गमुळाने भागायचे. त्याच वर्षी कोपनहेगनच्या फ्रिडेरिशिया यांनी वर्गमुळाऐवजी घनमूळ घेणारे सूत्र दिले. दोन्ही सूत्रे आजही वापरात आहेत.

हे गणित दहावीच्या वर्गातही करून दाखवता येईल. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणजे एक मिलिमीटरचे एक बारीक घर ०.०४ सेकंदाचे झाले. समजा, दोन ठोक्यांमध्ये २० घरे आहेत आणि क्यूटी १२ घरांची आहे. तर ठोक्यांमधील काळ ०.८ सेकंद आणि क्यूटी ०.४८ सेकंद. ०.८ चे वर्गमूळ सुमारे ०.८९. तेव्हा सुधारित क्यूटी झाली ०.५४ सेकंद. साधारणपणे ०.४४ ते ०.४६ सेकंदांपर्यंत ती ठीक मानतात. ०.४८ किंवा त्याहून अधिक आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली, तर डॉक्टरांनी या रोगाचा गंभीरपणे विचार करायला हवा. म्हणजे आपल्या उदाहरणातील मुलाला तज्ज्ञाकडे पाठवणे भाग आहे.

तेव्हा १९२० साली यंत्र होते आणि सूत्रही होते. घेरी येणाऱ्या मुलाच्या छातीवर ते लावून पाहावे, हा विचार मात्र अजून रुजायचा होता.

नॉर्वे, इटली, आयर्लंड

नॉर्वेतील अँटन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सेन या डॉक्टरांकडे एक कुटुंब आले. आईवडील धडधाकट होते आणि त्यांना नीट ऐकू येत होते. सहा मुलांपैकी चार जन्मतः कर्णबधिर होती आणि त्या चौघांनाही बेशुद्धीचे झटके येत. त्यांतील तीन मुले ४, ५ आणि ९ वर्षांची असताना अचानक दगावली. डॉक्टरांनी ईसीजी काढले, तेव्हा क्यूटी चांगलीच लांबलेली आढळली. १९५७ साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. लाइपझिगच्या आईवडिलांनी जे सांगितले होते, तेच आता आलेखाच्या कागदावर उमटले.

पुढे १९६४ साली फ्रेझर, फ्रॉगॅट आणि जेम्स या संशोधकांनी आणखी एक पाऊल उचलले. रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता त्यांनी कर्णबधिर मुलांमध्ये असे रुग्ण शोधले. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही जनुकांत दोष आला तरच हा रोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दरम्यान १९६३ साली इटलीत जेनोव्हा येथे चेझारिनो रोमानो यांच्याकडे तीन महिन्यांची एक मुलगी आली. तिला झटके येत आणि तिचे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. १९६४ साली डब्लिनच्या ओवेन कॉनर वॉर्ड यांनी असाच एक भाऊ आणि बहीण यांची नोंद केली. या मुलांना ऐकू मात्र उत्तम येत होते. म्हणजे बहिरेपण नसतानाही क्यूटी लांबू शकते आणि इथे आईवडिलांपैकी एकाकडून आलेला दोषही पुरतो. हा प्रकार पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. इटलीत सुमारे ४४ हजार नवजात बालकांचे ईसीजी काढून केलेल्या पाहणीत, जन्मतः असलेल्या लांब क्यूटीचे प्रमाण साधारण २००० मुलांत एक असल्याचे २००९ साली दिसून आले.

पण क्यूटी लांबल्याने मूल कोसळते कसे? हृदय पुढच्या ठोक्याला तयार नसतानाच एखादा अवेळी ठोका पडला, तर सगळी लय बिघडते. पॅरिसच्या देसेर्तेन यांनी १९६६ साली या बिघडलेल्या लयीचे वर्णन केले. आलेखाची टोके दोरीला पीळ पडावा तशी मध्यरेषेभोवती फिरतात. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलले जात नाही. ही लय आपोआप थांबली तर मूल शुद्धीवर येते आणि काही घडलेच नाही असे वागते. थांबली नाही तर मृत्यू ओढवतो.

पोटॅशियमची दारे

१९७९ साली अमेरिकेचे आर्थर मॉस, इटलीचे पीटर श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्क कीटिंग यांच्या गटाने मोठ्या कुटुंबांचा अभ्यास करून १९९१ साली या रोगाचा माग ११ व्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९५ आणि १९९६ साली त्यांना तीन जनुके सापडली. त्यांपैकी दोन पेशीच्या पडद्यावरील पोटॅशियमच्या दारांची आणि एक सोडियमच्या दाराचे.

त्यांतील एका जनुकाची कथा गमतीची आहे. फळमाशीचा एक प्रकार ईथरची गुंगी दिल्यावर पाय थरथरवतो. नाचल्यासारखा हा प्रकार पाहून संशोधकांनी १९६०च्या दशकात त्या जनुकाला ‘ईथर-अ-गो-गो’ असे नाव दिले. माणसातील त्याचे भावंड १९९४ साली मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते लांब क्यूटीचे एक कारण ठरले. माशीच्या पायांचा अभ्यास करणाऱ्यांना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर द्यायला हरकत नाही.

ठोक्यानंतर हृदयपेशीतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पूर्ववत होते. दारे कमी किंवा सदोष असली की हा वेळ लांबतो. मग बहिरेपण कुठून आले? आतल्या कानात पोटॅशियमने भरलेला एक द्रव असतो. त्याच्यावाचून ऐकण्याच्या पेशी काम करत नाहीत, आणि तो द्रव तयार करायला हृदयातलेच एक पोटॅशियमचे दार लागते. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर हृदयही अडखळते आणि कानही निकामी होतो. एकच प्रत बिघडली तर कान निभावतो, हृदय निभावेलच असे नाही. १९९७ साली हे सिद्ध झाले आणि माइसनरांच्या विद्यार्थिनीला अशा कुटुंबांच्या दुखण्याचे पूर्ण स्पष्टीकरण मिळाले. तिच्या मृत्यूची हकिगत छापून आल्याला तेव्हा १४१ वर्षे झाली होती.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक कुटुंबांत आहे. जवळच्या नात्यातील पतिपत्नींमध्ये एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे कर्णबधिर मुलांच्या शाळांत काम करणाऱ्या आपल्या मित्रांनी ही माहिती विशेष लक्षात ठेवावी. जन्मतः कर्णबधिर मुलाला घेरी आली, तर त्याचा ईसीजी काढलाच पाहिजे.

शिक्षकाने काय पाहावे?

२००१ साली श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी जनुकाचा प्रकार ठाऊक असलेल्या ६७० रुग्णांची माहिती एकत्र मांडली. पहिल्या प्रकारात ६२ टक्के झटके व्यायामाच्या वेळी आले होते आणि त्यांत पोहण्याचा वाटा मोठा होता. दुसऱ्या प्रकारात ४३ टक्के झटके भावनिक धक्क्याने आले. गजराचे घड्याळ किंवा टेलिफोन अचानक वाजणे हेही त्यातले ठळक निमित्त. तिसऱ्या प्रकारात ३९ टक्के झटके विश्रांतीत किंवा झोपेत आले. म्हणजे मूल कोसळले तेव्हा ते काय करत होते, याच्या उत्तरातच निदानाची दिशा असते. आणि हे उत्तर बहुधा डॉक्टरांजवळ नसते, शिक्षकाजवळ असते.

म्हणून मुलाला घेरी आल्यास पुढील गोष्टी त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवाव्यात. मूल उभे होते, बसले होते, आडवे होते की धावत होते? आधी मळमळ, घाम, अंधारी असे काही झाले का, की बोलता बोलता एकदम कोसळले? त्याआधी मोठा आवाज, भीती किंवा रागाचा प्रसंग घडला का? किती सेकंदांनी शुद्ध आली, आणि आल्यावर मूल लगेच सावध होते की बराच वेळ गोंधळलेले? बराच वेळ गोंधळ राहिला, तर अपस्माराचा संशय बळावतो. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे का, कुणी विहिरीत किंवा तलावात पोहता येत असूनही बुडाले आहे का, हे पालकांना हळुवारपणे विचारावे.

धावताना, पोहताना, दचकल्यावर किंवा आडवे असताना आलेली घेरी साधी मानू नये. पालकांना ईसीजी काढून घ्यायला सांगावे. ही तपासणी काही मिनिटांची, स्वस्त आणि मुळीच न दुखणारी आहे. मात्र एक निर्दोष ईसीजी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. हृदयाचा आणखी एक आनुवंशिक रोग आहे, त्यात विश्रांतीतला आलेख बिनचूक येतो आणि दोष व्यायामाच्या वेळीच दिसतो. फ्रान्समधील कूमेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९७८ साली केले. अशा वेळी चालत्या पट्ट्यावर धाववून आलेख काढतात.

निदान झाले तर उपाय आहेत. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलेल्या प्रोप्रॅनोलॉलच्या कुळातील औषधे हृदयावरचा ॲड्रेनलिनचा मारा कमी करतात आणि बहुतेकांना ती उपयोगी पडतात. क्यूटी लांबवणारी काही नेहमीची औषधे, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन, या मुलांनी टाळायची असतात. काहींच्या छातीत लय सुधारणारे यंत्र बसवावे लागते. आणि कोसळलेले मूल हाकेला ओ देत नसेल, त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर कांदा शोधत बसू नये. १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब देणे ताबडतोब सुरू करावे. हे शिक्षण शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने एकदा घ्यायला हवे.

या इतिहासात यंत्रांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण आइन्थोव्हेन यांचे यंत्र तयार झाल्यावरही नॉर्वेच्या कुटुंबाचे निदान प्रसिद्ध व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. ते झाले, कारण दोन डॉक्टरांनी एका घरातील मुलांची हकिगत लक्ष देऊन ऐकली आणि मग यंत्राकडे वळले. लाइपझिगच्या आईवडिलांनाही सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण ते पुढे आले मुलगी गेल्यानंतर. आपल्या वर्गात एखाद्या मुलीला पेपर वाटताना घेरी आली, तर तिला पाणी देऊन झाल्यावर तिच्या आईशी पाच मिनिटे बोलावे आणि जे पाहिले ते एका कागदावर लिहून तिच्या हाती द्यावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.